मागे न बघता

“नवऱ्याचं काम, आणि करतेय बाई,” शशिकांत मधुमतीच्या कानाशी पुटपुटले. “त्यात गुडघे ठेवायला जागा नाही.”

“आपल्याकडे पुरुष शालू नेसून गायचे, ते चालायचं तुम्हाला. गप्प बसा. लेकीने हौसेने आणलंय.”

पलीकडच्या खुर्चीत अलका हसू दाबत होती. अठ्ठ्याऐंशी सालच्या एका शनिवारी दुपारी इंग्लंडातल्या लेस्टरच्या थिएटरात इटालियन ऑपेरा होता. गोष्ट तिने गाडीतच सांगून ठेवली होती. ग्रीक पुराणातला एक गवई मेलेल्या बायकोला पाताळातून परत आणायला जातो. अट एकच, वर पोचेपर्यंत वळून तिच्याकडे बघायचं नाही.

आता रंगमंचावर गवई पाठ करून चालला होता आणि मागून बायको विनवत होती. इटालियन मधुमतीला ओ की ठो कळत नव्हतं, पण एवढं कळायला भाषा कशाला लागते? माझ्याकडे बघ. का बघत नाहीस? मधुमतीने पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

एकोणीस वर्षांपूर्वी साताऱ्याहून निघताना सासूबाईंनी बजावलं होतं, उंबरा ओलांडलास की मागे बघायचं नाही, पाय निघत नाही मग. इथे दोघांच्याही हॉस्पिटलच्या ड्यूट्या, राहायला एक खोली. तीन वर्षांच्या अलकाला आजीकडे ठेवून वर्षभरात घेऊन जाऊ, असं ठरलं होतं. वर्षाची चार झाली. निघायच्या त्या सकाळी मधुमती सरळ जाऊन टॅक्सीत बसली होती. पुढे अलका त्या सकाळबद्दल विचारायला लागली, तेव्हा घरात एक उत्तर ठरून गेलं: तू गाढ झोपली होतीस, बाळा.

गवयाने वळून बघितलं. बायको कोसळली. मधुमतीच्या आधी शशिकांतांनीच रुमाल काढला.

खेळ संपल्यावर कार पार्कमध्ये, गाडीतच, मधुमतीने थर्मासमधला चहा ओतला.

“एवढंसं जमलं नाही त्या बाबाला,” शशिकांत फुंकर घालत म्हणाले. “तुझ्या आईला जमलं असतं, अलका. साताऱ्याहून निघालो तेव्हा हिने एकदासुद्धा—”

पाऊस नसताना त्यांनी वायपर लावला, मग बंद केला. मधुमती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

“इट्स ओके, बाबा,” मागच्या सीटवरून अलका हलकेच म्हणाली. “मला कुठे काय आठवतंय? मी झोपले होते ना.”

मधुमतीने कप डॅशबोर्डवर ठेवला. सीटबेल्टात अडकत, कण्हत, ती सीटवर अख्खी मागे वळली आणि लेकीकडे बघितलं.

“नव्हतीस,” ती म्हणाली. “पायरीपर्यंत आली होतीस. तुझे वाळे वाजत होते. मला ऐकू येत होते.”