नव्वद नळ्या

बसा हो, खुर्ची ओढा आणि कॉफी गार व्हायच्या आत प्या. आमच्या स्कार्वॉय बेटावर एका भल्या माणसाचा शब्द कसा मातीत गेला, ते सांगतो तुम्हाला. मधे उठायचं नाही. आणि आर्नस्टाइनची कीव करायची नाही, त्याला ती मुळीच खपत नाही.

आर्नस्टाइन म्हणजे आमचा फ्रीजवाला. साठीला आलेला, उजवा खांदा कामातनं गेलेला, बोलण्यात कंजूष. या किनाऱ्यावर गारठा करणारं जे जे यंत्र चालतं त्याला त्याचा हात लागलेला. त्यामुळे गावाच्या सहकारी मासळीघरातलं यंत्र म्हातारं झालं, तेव्हा सभेनं त्यालाच विचारलं, बाबा रे, नवा कंडेन्सर कुठल्या प्रकारचा घ्यायचा?

मासळीतली गरमी यंत्र ओढून घेतं, ती कुठंतरी फेकायला लागते. फेकायची जागा म्हणजे कंडेन्सर. एक प्रकार वाऱ्याचा, म्हणजे मोठे पंखे लावायचे, ते गरमी हवेत उडवून देतात. दुसरा समुद्राचा. भलं मोठं पिंप, आत दोनशे वीस नळ्या, आणि नळ्यांतून समुद्राचं पाणी फिरवत ठेवायचं. आमचं पाणी भर उन्हाळ्यातही हाताला झोंबतं. आर्नस्टाइननं सांगितलं, समुद्राचा घ्या. वीज कमी खातो, आवाज नाही, आणि पाणी दाराशीच आहे.

मासळीघराची मॅनेजर तोरगुन हिला पंखे हवे होते. बाई हिशेबाची पक्की आणि जिभेची तिखट.

"वीज कमी लागते, कबूल," ती म्हणाली. "पण नळ्यांत शिंपल्यांची पिल्लं धरतात. दर मे महिन्यात झाकणं उघडून एकेक नळी ब्रशनं घासावी लागेल. कोण घासणार? तुझी सासू?"

लोक हसले. आर्नस्टाइन नाही हसला.

"गाव घासेल," तो म्हणाला. "दुग्नाद काढू. जबाबदारी माझी."

दुग्नाद म्हणजे सगळ्यांनी मिळून करायचं फुकटचं काम, वर कॉफी आणि वॅफल. शाळेचं छप्पर असो की धक्का, आमच्याकडे सगळं असंच उभं राहिलंय. आर्नस्टाइनचं उभं आयुष्य त्यात गेलेलं. नळ्यांपेक्षा त्याचा भरवसा माणसांवर होता. अध्यक्ष एइलर्टनं पहिला हात वर केला. मागोमाग सत्तेचाळीस हात. माझाही.

पहिल्या मे महिन्यात वीस माणसं आली. गाणी म्हणत म्हणत दुपारपर्यंत नळ्या चकचकीत. दुसऱ्या वर्षी अकरा. तिसऱ्या वर्षी चार, त्यातला एक नुसता वॅफल खायला आलेला. चौथ्या वर्षी तोरगुननं दुकानाच्या दारावर कागद लावला, आर्नस्टाइन दोनदा घरोघर जाऊन सांगून आला. त्या शनिवारी ऊन असं काही पडलं की सगळ्या गावानं होड्या काढल्या. मीही काढली. लपवून काय करू.

आर्नस्टाइननं एकट्यानं झाकण उतरवलं. त्याच्या बायकोनं वीसजणांपुरतं वॅफलचं पीठ कालवून ठेवलेलं, ते तसंच राहिलं. तो घासत बसला. साठ नळ्यांनंतर खांदा ठणकायला लागला, शंभरानंतर ब्रश डाव्या हातात घेतला. एकशे तीस झाल्यावर बोटं मिटेनात. यंत्र आणखी बंद ठेवता येत नव्हतं, म्हणून झाकण लावलं. सोमवारी तोरगुनला जाऊन सांगितलं, नव्वद राहिल्यात, माणसं दे. तिनं एइलर्टला सांगितलं. एइलर्ट म्हणाला, बघू शरद ऋतूत.

सप्टेंबरात बांगडा आला. गोदाम छतापर्यंत भरलं. न घासलेल्या नळ्यांत शिंपले अंगठ्याएवढे झाले होते, पाणी पुढं सरकेना. दाब वाढला की यंत्र आपणहून बंद पडतं, जपायसाठीच तशी सोय असते. रविवारी यंत्रावर लक्ष ठेवायची पाळी एइलर्टची. त्यानं लाल बटण दाबून ते पुन्हा चालू केलं. एकदा नाही, पाचदा. सहाव्यांदा ते चालू झालंच नाही. मग त्यानं दार लावलं आणि घरी जेवायला गेला. सोमवारी दुपारपर्यंत चाळीस टन बांगडा पाणी सोडत होता.

सभा भरली. बटणाची गोष्ट निघालीच नाही. एइलर्ट टेबलामागं बसून विचारत होता, आर्नस्टाइन टोपी मांडीवर घेऊन समोर.

"मे महिन्यात तू किती नळ्या घासल्यास?"

"एकशे तीस."

"आणि आहेत किती?"

"दोनशे वीस."

"म्हणजे नव्वद तू तशाच सोडल्यास."

आर्नस्टाइननं खोलीभर पाहिलं. एकेका चेहऱ्याकडे, सावकाश. ज्यानं त्यानं आपापल्या कपात बघितलं. तोरगुननं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं, तिलाही नोकरी होती. मग तो एवढंच म्हणाला, "हो. सोडल्या."

वहीत तसंच लिहिलं गेलं: आर्नस्टाइन यांनी नव्वद नळ्या स्वच्छ केल्या नाहीत. ज्यांनी एकही घासली नाही त्यांची नावं कशाला लिहायची?

आता तिथं पंखे आहेत. शहरातल्या लोकांनी येऊन बसवले, आर्नस्टाइनला कुणी विचारलं नाही. बसवले तेही मासळीघराच्या नेमक्या त्याच्या स्वयंपाकघरासमोरच्या भिंतीला, दिवसभर घोंघावत असतात. तो दुसऱ्या कुणाचा साधा फ्रीजही आता दुरुस्त करत नाही. दुग्नाद निघाला की दार लावून घेतो.

परवा मी त्याच्याकडे बसलो होतो. खिडकीतनं बोट दाखवून म्हणाला, बघ, पंख्यामागच्या पातळ पत्र्यांवर पांढरी पूड धरलीय. खारा वारा त्यांना खातोय. दर आठवड्याला गोड्या पाण्यानं धुतले तर टिकतील, नाहीतर तीन वर्षांत भुगा. मी म्हटलं, सांग की त्यांना. तर माझ्याकडे असं बघितलं त्यानं, की मी कॉफी अर्धी टाकून उठलो.

मी सांगितलं तर त्यांना लगेच कळेल कुणाचं डोकं ते, आणि मुद्दाम धुणार नाहीत. तुमचं तसं नाही, तुम्ही पाहुणे. उद्या बोटीला जाताना मासळीघरावरनंच जाल. तोरगुन दारात असेल. तिला सहज म्हटल्यासारखं म्हणा, ते पत्रे गोड्या पाण्यानं धुवा म्हणून. फक्त त्याचं नाव घेऊ नका.