डल्सीचं मत

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या त्या लोकरीच्या शेडमध्ये बाईमाणसाने नुसतं पाऊल टाकलं तरी अपशकुन मानायचे, आणि तिथे डल्सी रँकिन चक्क मशीन धरून मेंढ्या कातरत होती! काय करणार, तरणे गडी सगळे लढाईवर. डल्सीचा नवरा लेससुद्धा न्यू गिनीच्या चिखलात जपान्यांशी लढत होता. उरले चार म्हातारे. डल्सी तिथली स्वयंपाकीण, पण बापाच्या शेतावर कातरायला शिकलेली, म्हणून मालक हार्गन यांनी नाइलाजाने तिला मशीनवर उभं केलं. म्हातारे तिच्याशी धड बोलतही नसत.

त्या दिवशी पहाटे पाऊस पडून गेला. अशा वेळी शेडची रीत ठरलेली. प्रत्येकाने दोन मेंढ्या कातरायच्या आणि मग चिठ्ठी टाकायची, मेंढ्या ओल्या की कोरड्या. ओल्या ठरल्या तर काम बंद. ओली लोकर कातरून सांधे धरतात, अंगाला फोड येतात. पण ते कातरणाऱ्याच्या अंगाला, मालकाला त्याचं काय?

म्हाताऱ्यांचा म्होरक्या क्लॅरी, त्याने टोपीतल्या चार चिठ्ठ्या उघडल्या; डल्सीला कुणी चिठ्ठी दिलीच नव्हती. "दोन ओल्या, दोन कोरड्या. आली का पंचाईत!"

"पंचाईत कसली?" हार्गन खुशीत आले. "पाचवी आहे की. हं, डल्सी, सांग."

"हिचं मत?" क्लॅरी फणकारला. "तुम्ही उभी केलेली ही, तुमचीच री ओढणार. त्यापेक्षा तुम्हीच मत टाका ना, मालक!"

डल्सीचं टाळकंच सटकलं. जो तो तिचं मत मालकाच्याच खिशातलं समजत होता!

"दोन मेंढ्या मीही कातरल्यात, क्लॅरी. मत माझं आहे. आणि चिठ्ठीबिठ्ठी नको, तोंडाने सांगते. मेंढ्या ओल्या आहेत. ही माझी बाही पिळून बघा."

हार्गन यांचा चेहरा उतरला. "फार शहाणी झालीस! चल, हो परत स्वयंपाकघरात. भांडी घास जा."

या मशीनवर तिचा जीव जडला होता. ते हातचं जाणार म्हणून ती मनातून पार हादरली, पण जागची हलली नाही.

"मी जायची नाही, मालक. मेंढ्या वाळल्या की इथेच उभी राहणार. मला काढायचं तर माझ्या जागी माणूस आणा. आहे कुणी? असता तर तुम्ही मला हे मशीन दिलंच नसतंत!"

हार्गन यांनी म्हाताऱ्यांकडे पाहिलं. एकेकाने आपलं मशीन खुंटीला अडकवलं, ज्यांनी कोरड्या म्हटलं होतं त्यांनीसुद्धा. मालक दार आपटून चालते झाले.

जरा वेळाने क्लॅरी खाकरला. "पोरी, चहा टाकतेस का जरा?"

"का रे? या बाकीच्यांना सांगतोस का कधी चहा टाकायला?"

क्लॅरीने तिच्याकडे पाहिलं, मान खाजवली आणि किटली उचलून तो स्वतःच चुलीकडे गेला.