मर्वच्या टोपीची सावली

टॅबलेटसोबत आलेल्या पुस्तिकेत लिहिलं होतं, की हे यंत्र पस्तीस अंशांपर्यंतच वापरावं. वॉलारा या आमच्या कंपनीच्या ऑस्ट्रेलियातल्या गुरांच्या फार्मवर नोव्हेंबरात, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, पस्तीस अंश मिळतच नाहीत असं नाही. मिळतात, पहाटे, थोडा वेळ. मग सूर्य उगवतो. ब्रिस्बेनच्या हेड ऑफिसात मात्र बारा महिने एसी चालतो, आणि ड्रोन, टॅबलेट, त्याचं जाडजूड काळं रबरी कव्हर ही सगळी खरेदी तिथे बसूनच झाली होती. कव्हर कशासाठी, तर इथल्या कडक हवामानापासून संरक्षण म्हणून. भर उन्हात निघालेल्या माणसाला प्रेमाने घोंगडी पांघरावी, तसं.

या सामानाबरोबर हेड ऑफिसने मलाही पाठवलं. वॉलाराचे मॅनेजर मर्व डॅगर्टी यांनी माझं नाव ब्रायनी आहे आणि माझ्याकडे पशुविज्ञानाची पदवी आहे, हे दोन्ही नीट ऐकून घेतलं, आणि त्या दिवसापासून मला 'प्रोफेसर' म्हणायला लागले. आदर वगैरे काही नव्हता त्यात. ड्रोनला ते 'डास' म्हणत.

काम सोपं होतं. बोअरच्या पाण्यावर भरणारे गुरांचे हाळ एकमेकांपासून फार लांब. ड्रोन पाठवायचा, हाळात पाणी आहे का आणि हाळावर गुरं आहेत का ते टॅबलेटवर बघायचं. मर्व हेच काम जन्मभर पिकअपमधून करत आले होते, आणि त्यांच्या मते पिकअपला पुस्तिका लागत नाही.

पहिला आठवडाभर टॅबलेट रोज तापला. आधी पडदा अंधुक व्हायचा, मग तापमापीचं चित्र यायचं, मग सगळं काळं. ड्रोन वर घिरट्या घालतोय आणि आपण खाली काळ्या काचेत आपलाच घामेजलेला चेहरा बघतोय. ड्रोनला निदान स्वतःच्या पात्यांचा वारा मिळतो. टॅबलेटला आमच्या शिव्या मिळायच्या.

"बर्फाच्या पेटीत ठेव की," मर्व म्हणाले. "बिअर गार होते. हे काय बिअरपेक्षा शहाणं आहे?"

मी नको म्हणाले. बिअरच्या गार डब्यावर बाहेरून पाणी कसं जमतं आणि तसंच ते टॅबलेटवर कसं जमेल, हे मी समजावून सांगितलं. मर्वनी मान डोलावली. मी झुडपाआड जाऊन येईपर्यंत टॅबलेट बिअर आणि खारवलेल्या मांसाच्या सँडविचांच्या मध्ये, बर्फावर पहुडला होता. बाहेर काढल्यावर त्याच्या कॅमेऱ्यात धुकं धरलं आणि चार्जिंगच्या भोकात पाणी शिरल्याची सूचना आली.

"गार झाला की नाही?" मर्वनी विचारलं.

झाला होता. प्रेतही गार असतं.

त्यांच्या बायकोने, नोलीनने, तो स्वयंपाकघरात पंख्यासमोर वाळत घातला. दोन दिवसांनी तो शुद्धीवर आला.

मग ती सकाळ उजाडली. मर्व पहाटेच बाहेर जाऊन आले होते. ताटातल्या चॉप्सना हात न लावता म्हणाले, "एमूच्या रानातल्या कालवडी हाळावर नाहीत."

नोलीनने तवा खाली ठेवला. त्या पहिलटकरणी होत्या, सगळ्या गाभण. हा वाण मर्वनी स्वतः निवडून वाढवला होता. हेड ऑफिसला तो विकायचा होता आणि मर्व त्यासाठी भांडले होते. नवऱ्यासाठी नोलीन जितकी चिंता करत नसे तितकी मर्व त्या कालवडींसाठी करत.

"हाळ कोरडा आहे?" मी विचारलं.

"काठोकाठ भरलाय. पण खुरांचे ताजे ठसे नाहीत. शेण सुकलंय."

म्हणजे कालवडी एमूचं रान म्हणतात त्या कुरणातच कुठेतरी होत्या आणि काल पाण्यावर आल्याच नव्हत्या. या उन्हात पाण्यावाचून आजचा दिवस निघाला तरी खूप. हेलिकॉप्टर शेजारच्यांची गुरं हाकायला गेलेलं, ते उद्या येणार. रान एवढं मोठं, की पिकअपने एक बाजू धरली आणि ती चुकली, तर दिवस तिथेच संपला.

"प्रोफेसर," मर्व माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझा डास किती लांब जातो?"

"डास जाईल. टॅबलेट टिकायला हवा."

मी काळं कव्हर सोललं. टॅबलेट घरातच चार्ज करून घेतला, कारण उडवताना चार्ज करणं म्हणजे दोन्ही टोकांनी तापवणं. नकाशे सोडून आत चालू असलेलं बाकी सगळं बंद केलं. मग नोलीनकडे एक पातळ अॅल्युमिनियमचा पत्रा आणि सुती फडकं मागितलं.

तिने केक भाजायचा ट्रे दिला. "लॅमिंग्टन केकचा आहे. याला पोचा आला तर तिकडेच राहा."

टॅबलेट ट्रेवर पाठ टेकून बसवला आणि ट्रेच्या खालच्या बाजूला ओलं, घट्ट पिळलेलं फडकं बांधलं. पाणी टॅबलेटला लागत नाही, पण सुकताना त्याची उष्णता ओढून नेतं. हवा कोरडी असली की हे फार छान चालतं, आणि वॉलाराच्या हवेबद्दल बाकी काही म्हणा, ती कोरडी आहे.

"ओलं फडकं," मर्व म्हणाले. "हे शिकायला विद्यापीठ लागतं?"

"तुमच्या पिकअपच्या नाकावर कॅनव्हासची पाण्याची पिशवी लटकते ना, ती पाझरते आणि पाणी गार होतं. तेच आहे हे."

"ती माझ्या आजोबांची पद्धत. त्यांच्याकडे पदवी नव्हती."

"म्हणून काही पाणी गार व्हायचं थांबलं नाही."

आम्ही रानाच्या मधल्या कड्यावर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. ड्रोन उडाला. मी छत्री उघडली. कंपनीचं चिन्ह असलेली, हेड ऑफिसची. पहिल्याच झोतात ती उलटी झाली आणि दुसऱ्यात कड्यावरून खाली गेली. मर्वनी तिला जाताना पाहिलं आणि आठवड्यात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

पिकअपची सावली पिकअपच्या पोटाखाली होती. तिथे शिरलं तर ड्रोनशी संपर्क तुटतो. फडकं आपलं काम करत होतं, पण वरून थेट ऊन पडत होतं, आणि उन्हात दिसावं म्हणून पडदा पूर्ण उजळ ठेवावा लागत होता, त्यामुळे तो आणखी तापत होता. पूर्वेकडच्या टेकड्या रिकाम्या निघाल्या. ड्रोन दक्षिणेला वळवला आणि पडदा अंधुक व्हायला लागला, कोपऱ्यात तापमापीचं चित्र आलं.

"मर्व, टोपी द्या."

"कुणाची?"

"इथे आणखी कोण आहे?"

"तुझ्या डोक्यावर आहे की."

"हिची कडा चार बोटं. तुमची तुमच्या व्हरांड्याएवढी आहे."

आमच्याकडे माणूस दुसऱ्याला पिकअप देतो, कुत्रा देतो, शेवटची बिअरसुद्धा देतो. टोपी देत नाही. दुसऱ्याच्या टोपीला कुणी हातही लावत नाही. मर्व स्वतः ती जेवणाला आणि मयताला काढत, आणि जेवणाला नोलीन ओरडते म्हणून.

"कालवडी दक्षिणेला असतील, तर अजून थोडाच वेळ दिसतील," मी म्हणाले. "मग हा बंद पडेल."

मर्वनी अंधुक होत चाललेल्या पडद्याकडे पाहिलं. मग टोपी काढून दोन्ही हातांनी टॅबलेटवर धरली. भुवयांपर्यंत त्यांचा चेहरा विटेसारखा होता आणि वर टक्कल, सोललेल्या अंड्यासारखं पांढरं.

"काही बोलू नकोस," ते म्हणाले.

सावलीत पडदा कमी उजेडातही दिसायला लागला, म्हणून मी तो आणखी मंद केला. तापमापीचं चित्र गेलं. कुंपणाची रेघ सापडली, तिच्या कडेकडेने ड्रोन नेला, आणि रेघेच्या मध्यावर तपकिरी ठिपके एकमेकांना चिकटून उभे दिसले. खाली आणल्यावर ठिपक्यांना पाय फुटले. त्या सगळ्या एका फाटकापाशी, पलीकडे तोंड करून उभ्या होत्या. पलीकडे हाळाची वाट होती. फाटक बंद होतं.

"हे फाटक तर उन्हाळाभर उघडं असतं," मी म्हणाले.

मर्वनी पडद्याजवळ तोंड नेलं. टोपी मात्र हलली नाही.

"परवा मी तिथून गेलो, कुंपण बघायला. उघडलं, पलीकडे गेलो, बंद केलं."

"बंद का केलं?"

"बंद सापडलं म्हणून. जसं सापडेल तसं सोडायचं. हे शेंबड्या पोरालाही कळतं."

खरं होतं. आमच्याकडे बाप्तिस्म्याआधी हा नियम शिकवतात.

"मग ते बंद कुणी केलं असेल, असं मनात नाही आलं?"

"आलं. वाटलं, कुणीतरी विचार करूनच केलं असेल."

वॉलारावर विचार करून फाटक बंद करायचा अधिकार एकट्या मर्वना आहे. मला तो नाही, नोलीनला नाही, आणि हेड ऑफिसला फाटकं आहेत हेच माहीत नाही. उरला वारा. आम्ही पोचलो तेव्हा, फाटक उघडं अडकवून ठेवायची साखळी खांबावर तुटून लोंबत होती.

मर्वनी फाटक उघडलं. कालवडी धावल्या नाहीत. धावायचं त्राण नव्हतं. एकामागोमाग, मान खाली घालून हाळाच्या वाटेला लागल्या. दोघी मागे राहिल्या. त्यातली एक हलत नव्हती, आणि आता हलणारही नव्हती. दुसरीचे डोळे उघडे होते. मर्वनी पिकअपच्या नाकावरची पिशवी काढली, तिच्या जिभेवर थोडं थोडं पाणी सोडलं आणि तिच्या डोळ्यांवर टोपी धरून उन्हात बसून राहिले. टोपी कुणी मागितली नव्हती. बऱ्याच वेळाने ती कालवड पुढच्या गुडघ्यांवर आली, मग उभी राहिली, आणि पहिलं पाऊल तिने मर्वच्या टोपीवर टाकलं.

"गाढव," मर्व तिला म्हणाले. इतक्या मायेने ते नोलीनशीही बोलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या टकलाची सालं निघत होती. रेडिओवर शेजाऱ्याला ते सांगत होते, की ड्रोन वगैरे ठीक आहे, पण कालवडी सापडल्या त्या टोपीमुळे. नोलीन टकलाला दही लावत होती आणि ट्रेला आलेल्या पोच्यावरून माझ्याकडे बघत होती. टॅबलेट तापतो, ही तक्रार हेड ऑफिसने गांभीर्याने घेतली. नवं कव्हर निघालं आहे म्हणे. आधीच्यापेक्षा जाड.

दुपारी मर्वनी मला एमूच्या रानात नेलं. फाटक उघडं करून जाड तारेने खांबाला आवळलं, पक्कडीने पीळ दिला, हलवून पाहिलं. पिकअप पलीकडे गेली, थांबली. मर्व सवयीने उतरले, मागे चालत गेले आणि फाटकावर हात ठेवून उभे राहिले.

"उघडं सापडलं होतं," मी खिडकीतून म्हणाले.

"माहीत आहे, प्रोफेसर," मर्व म्हणाले, आणि हात काढून घेतला.