डाव्या शिडाचा मान

"डोकं!" डाउवे ओरडला, तेव्हा सित्स्के आधीच वाकली होती. शिडाचा आडवा वासा तिच्या पाठीवरून सरकन पलीकडे गेला आणि होडी वळली. पाच मिनिटांत ही तिसरी खेप. दोन तळ्यांना जोडणाऱ्या त्या चिंचोळ्या पाण्यात रविवारचा नुसता बाजार भरला होता. सगळ्या भाड्याच्या होड्या. कोणी आडवं, कोणी उभं, कोणाचं शीड ओल्या चादरीसारखं फडफडतंय.

"बघ, त्या शहाण्याला बघ!" डाउवे म्हणाला. "बरोबर मध्यात थांबलाय. आणि वर फोटो काढतोय!"

"काढू दे. तू पुढे बघ."

"पुढेच बघतोय. पुढेही तसलाच एक आहे."

सित्स्के हसली, पण तिचं लक्ष त्याच्या हातांकडे होतं. सुकाणूचा दांडा तो अजून दोन बोटांनीच धरायचा. तळ्याकाठच्या त्यांच्या हेग नावाच्या खेड्यात अर्ध्या गावाला शीड धरायला त्यानेच शिकवलं होतं, आणि त्यातल्या निम्म्यांना तरी त्याच्या शिव्या अजून पाठ होत्या. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झाला होता. जूनमध्ये त्याने चांगल्या उजेडात खुणेचा खांब सोडून होडी गाळात घातली. गेल्या आठवड्यात धक्क्यावर आपटली. दोन्ही वेळा वाऱ्याचा दोष निघाला.

काल योरितचा फोन आला होता. "आई, मी बोललो की बाबा भांडतात. उद्या तू फक्त नीट बघ. तू म्हणालीस जमतंय, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही म्हणालीस, तर होडीला माझ्याकडे गिऱ्हाईक आहे. संध्याकाळी फोन करतो."

काय सांगायचं ते तिने सकाळी पावाला लोणी लावतानाच ठरवून टाकलं होतं. जमतंय, असं सांगायचं. होडी गेली तर हा माणूस दिवसभर खिडकीत बसून काय करेल, हे तिला डोळ्यांसमोरही आणवत नव्हतं.

समोरून एक भाड्याची होडी आली. सुकाणूवर एक तरुण जर्मन मुलगी, बाजूला तिचा मित्र. भाड्याच्या होडीबरोबर नियमांचं एक कार्ड देतात, ते तिने गुडघ्यावर ठेवलं होतं. दोन्ही होड्या एकमेकींच्या वाटेत आल्या. अशा वेळी ज्याचं शीड डाव्या अंगाला, त्याचा मान पहिला; दुसऱ्याने बाजूला व्हायचं. इथली पोरं हे चालायला लागायच्या आधी शिकतात.

"डावं शीड!" डाउवे गरजला.

मुलगी दचकली. तिने कार्डाकडे पाहिलं, त्यांच्या शिडाकडे पाहिलं, मग डाउवेच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं.

"डावं शीड! वळव! झोपलीस का?"

तिने घाबरून दांडा ओढला, तो फारच ओढला. होडी गर्रकन फिरली, वासा सुसाट पलीकडे गेला आणि तिच्या मित्राच्या कपाळावर बसला. तो आवाज सित्स्केला स्पष्ट ऐकू आला.

"असल्यांना होड्या देतातच कशाला!" डाउवे म्हणाला.

सित्स्केने मान वर केली. त्यांचं शीड उजवीकडे होतं. मघाच्या वळणानंतर ते उजवीकडेच होतं; बाजूला त्यांनीच व्हायला हवं होतं.

"वळ," ती म्हणाली. "आपण जाऊन बघू."

"आपण कशाला? चूक—"

"डाउवे, वळ म्हणते ना."

तो वळला. पोराची भुवई फाटली होती, रक्त गालावरून शर्टावर आलं होतं. सित्स्केने पेटीतून पट्टी काढली आणि होडीतूनच वाकून बांधून दिली. मुलगी रडवेली झाली होती.

"माफ करा," ती मोडक्या डचमध्ये म्हणाली. "चूक माझीच. मी अगदी नवीन आहे."

सित्स्केने डाउवेकडे पाहिलं. तो खाली वाकून शिडाची दोरी गुंडाळत होता. ती दोरी गुंडाळलेलीच होती. चूक आमची होती, हे सित्स्केनेही सांगितलं नाही, आणि या गोष्टीची तिला फार लाज वाटली.

परतीच्या वाटेवर त्याने कोणालाही नावं ठेवली नाहीत. एक होडी अगदी आडवी आली, तर मुकाट्याने वाट दिली. धक्क्याला लागताना फक्त म्हणाला, "टाके पडतील का गं त्याला?"

"दोन-तीन."

सहा वाजता फोन वाजला. सित्स्के कॉफीचा कप ठेवून उठली. जमतंय, हा शब्द तिने तोंडात घोळवून पाहिला. पण तेवढ्यात, एरवी फोनला हात न लावणाऱ्या डाउवेने तो उचलला.

"हं, योरित. मीच आहे. हो, गर्दी होती. नाही रे, आम्हाला काही नाही झालं." तो खिडकीकडे वळला. "पण एक म्हातारा भेटला. शीड उजवीकडे, आणि डावं डावं म्हणून बोंबलत होता. त्याच्यापायी एका पोराचं कपाळ फुटलं. पोरं बिचारी माफी मागत होती, आणि हा दोरी गुंडाळत बसला होता."

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुझं ते गिऱ्हाईक," डाउवे म्हणाला. "शनिवारी घेऊन ये. म्हणावं, आधी एक फेरी माझ्याबरोबर मारायची. सुकाणू त्याने धरायचं. मी पुढे बसेन."