सुशिलावहिनीचा होकार

माझा भाऊ लीलाधर समतेवर बोलाले लागला का माइकवाला कंटाळते, पण हा थांबत नाही. कोहमाऱ्याजवळच्या आमच्या गावात विहारातले सारे लग्न तोच लावते. असा माणूस पोटच्या पोरासमोर एवढा आंधळा होईन, असं मले वाटलं नव्हतं बाप्पा.

पोरगा म्हणजे हिमांशू. तिशीले आलेला, आमगावात मोबाइलचं दुकान. उन्हाळ्यात घरी आला आणि सरळ सांगतलं, "बाबा, माझ्यासाठी पोरगी पाहू नका. मी धनेंद्रसोबत राहतो, त्याच्यासोबतच राहीन." धनेंद्र म्हणजे त्याचा दुकानातला भागीदार, पोवाराचा पोरगा.

भाऊ पेटलाच. "तिसरं शील मोडून राहिला तू! व्यभिचार हाय हा!"

"कोणाची बायको पळवली मी? कोणाले फसवलं? कोर्टानं गुन्हा नाही म्हटलं, मंग तुमी काऊन म्हणता?"

"चीवर घाल, भिक्खू हो, नाही त या घराचा उंबरठा विसर. माय बी दिसणार नाही तुले."

वहिनीचा फोनही त्यानं काढून घेतला. हिमांशू मोठा मायवेडा. मायचा आवाज आयकाले मिळेना, तसा वाळत गेला, आणि शेवटी चीवराले हो म्हणाला. मी भावाले म्हटलं, "अरे, पोरगा काय खुंट्याले बांधाचा बैल हाय?" पण आयकते कोण!

म्हणून विहारात भंतेजींले मीच गाठलं. "भंते, पुरुषानं पुरुषावर जीव लावू नये, असं बुद्धानं सांगतलं का?"

भंते म्हातारे, सरळ माणूस. म्हणाले, "गृहस्थाच्या शीलात मला तसं कुठं सापडलं नाही, बाई. फसवू नये, बळजबरी करू नये, दुसऱ्याचा संसार मोडू नये, एवढंच. चीवरात मात्र कोणीच जोडीनं राहत नाही. आणि आई-बापाच्या परवानगीशिवाय मी चीवर देत नाही. बुद्धाच्या वडिलांनीच तो नियम मागून घेतला होता."

माझ्या जिवात जीव आला. दोघाईची परवानगी पाहिजे! वहिनीले मांगच्या दारी धरलं. "वहिनी, तू नाही म्हणजो. तुझ्या एका नाहीनं पोरगा सुटते." 

चीवराच्या दिवशी विहारात हिमांशूचं मुंडन झालं. भंतेनं परवानगी विचारली. भाऊ जोरात म्हणाला, "हाय!" मंग भंते वहिनीकडं वळले. धनेंद्र मागच्या रांगेत मान खाली घालून बसला होता. हिमांशू मायकडं पाहून राहिला होता, आणि ती नाही म्हणन याची तो वाट पाहत होता, हे आंधळ्यालेही दिसलं असतं. मी वहिनीले कोपरानं ढोसलं.

"भंते, चीवर घातल्यावर पोरगा मले दिसन ना?" तिनं विचारलं.

"दिसेल. गावात येत राहील."

"मंग हाय परवानगी."

हिमांशूनं डोळे मिटले. मले रडू कोसळलं. तिच्यावर काय रागावू? पोराचं तोंड पाहाचा तेवढाच रस्ता माझ्या भावानं तिच्यासाठी ठेवला होता.

चीवर घालून तो बाहेर आला. सारे "साधु, साधु, साधु" म्हणाले. भावानं त्याच्यापुढं वाकून फोटो काढून घेतला. वहिनी मात्र त्याच्या डोक्याकडं पाहत होती. वस्तरा लागून रगत आलं होतं. तिनं पदराचं टोक ओलं केलं आणि हात वर नेला.

"शिवू नको!" भाऊ ओरडला. "भंते हाय आता तो. बाईनं शिवाचं नसते."

हेच दोन शब्द आमच्या आज्यानं विहिरीवर, देवळाबाहेर जलमभर आयकले होते. ते कानावर पडू नये म्हणून त्यानं बुद्धाची दीक्षा घेतली. वहिनीनं हात मागं घेतला. धनेंद्र केव्हाच उठून गेला होता. रगत पोराच्या कानापर्यंत आलं, आणि आमी सारे नातेवाईक हात जोडून उभे होतो.