शेजारची खोप

चादरीत गुंडाळलेलं शिलाई मशीन दत्तप्रसाद टेम्पोतून उतरवत होता, आणि नेमका तेव्हाच बाळा ताडपत्रीचा गुंडाळा खांद्यावर टाकून समोरून आला. चादर एका बाजूनं सरकली होती. मशीनचं चाक बाहेर डोकावत होतं.

“मेल्या, मशीन हाडलंस?” बाळा थांबलाच. “तीन दिवसांत शिवतलंस काय? देवाक झगो?”

“विनीताची कामां आसत. लग्नाची.”

“आणि ही ट्रंक? सोयरीक जमवूक जातंस काय रे?”

आजूबाजूला खुंट ठोकणारे दोघे-तिघे हसले. दत्तप्रसादही हसला. मशीन त्यानं पोटाशी धरलं आणि विनीतानं निवडून ठेवलेल्या जागेकडे चालू लागला. जागा चांगली होती. उंडीच्या झाडाची सावली, पाणी जवळ. तिथं पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं, की पलीकडं दोन हातांवर पदर खोचून जी बाई दगडानं खुंट ठोकते आहे, ती म्हणजे शाळेतल्या सुगंधाबाई.

त्यांनी मान वर करून पाहिलं. “इलंस?” एवढंच म्हणाल्या, आणि पुन्हा खुंट ठोकू लागल्या.

देवाचा कौल मिळाला की दर काही वर्षांनी सगळा गाव असा वेशीबाहेर पडतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. तीन दिवस मागं चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. तेवढे दिवस गाव देवाचा. माणसांनी व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या पलीकडं, माळावर खोपी बांधायच्या, एकमेकांच्या चुलीवरची भाकरी खायची आणि पुन्हा कौल झाला की वाजतगाजत घरी परतायचं. गावपळणीत कोण किती सामान घेऊन निघालं हे कुणी विचारत नाही. विनीताचा भाऊ मंगेश इन्सुलीहून फोनवर हेच म्हणाला होता. “भावोजी, ह्यापेक्षा बरो टायम गावचो नाय. सगळेच बांधतले, तुमीय बांधा. परतीच्या दिवशी मी टेम्पो घेवन येतंय. गाव ह्या बाजूक जायत, आपण त्या बाजूक.” गोव्यातल्या एका हॉटेलात गाडी चालवायचं काम त्यानं बघून ठेवलं होतं. खोलीही होती.

विनीतानं होही म्हटलं नव्हतं आणि नाहीही. तिनं फक्त भांडी कागदात गुंडाळली होती.

दत्तप्रसादनं पर्यटकांसाठी घरामागं दोन खोल्या बांधल्या, तेव्हा गावात अशा खोल्या फारशा नव्हत्या. मग एका वादळानं पत्रे नेले, आणि पत्रे परत घालेपर्यंत रस्त्याला लागून तिघांची नवी हॉटेलं उभी राहिली. काजूची बाग विकून बँकेचं भागलं. राहिले ते हातउसने घेतलेले. सुतार, चिरेवाला, आतेभाऊ आणि सुगंधाबाई. लोकांच्या गाड्या चालवून त्यानं पहिल्यांदा सुताराचे फेडले. त्या दिवशी विनीतानं अख्खी सुरमई आणली. चिरेवाल्याचे फिटले तेव्हा परत सुरमई. आतेभावाच्या वेळी तर लेकीनं, रियानं, शेजारच्या घरांत जाऊन सांगितलं, आज आमच्याकडं सुरमई आसा. का ते तिला ठाऊक नव्हतं, पण घरात सगळे हसतात तो दिवस सुरमईचा, एवढं तिला कळलं होतं.

बाईंचं देणं मात्र मोठं होतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर मिळालेल्या फंडातून त्यांनी दिलेलं. दर महिन्याला तो ठरलेली रक्कम नेऊन द्यायचा आणि घरी येऊन हिशेब केला, की उरलेला आकडा जवळजवळ तेवढाच असायचा. एका महिन्यात निम्मेच जमले. निम्मे घेऊन बाईंच्या दारात कसं जायचं, म्हणून तो गेला नाही. पुढच्या महिन्यात दोन्ही महिन्यांचे द्यायला हवे होते, म्हणून गेला नाही. मग तो तळीमागच्या पायवाटेनं घरी जाऊ लागला. लांब पडायची, पण त्या वाटेवर बाईंचं अंगण नव्हतं. पावसाळा आला, गेला. बाईंनी एकदाही माणूस धाडला नाही. तो रोज आज धाडतील, उद्या धाडतील म्हणून वाट बघायचा.

आणि आता मध्ये फक्त ताडपत्री होती.

पहिल्या संध्याकाळीच त्याला कळलं, की ताडपत्रीतून सगळं ऐकू येतं. बाईंचं खोकणं, डब्याचं झाकण, पाणी ओतल्याचा आवाज. म्हणजे इकडचंही तिकडं जात असणार. तो विनीताशी कुजबुजत बोलू लागला. मंगेशचा फोन आला, तर व्हाळापर्यंत चालत गेला. माळ चारी बाजूंनी मोकळा होता, वर नुसतं आभाळ, पण त्याला पाठ टेकायला कुठं जागा सापडेना. जेवायला बसलं तरी तो बाईंच्या खोपीकडं पाठ करून बसायचा.

“मान दुखात,” विनीता म्हणाली.

“दुखांदे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा उंडीखाली भरली. गाव बाहेर, तर शाळाही बाहेर. हरिश्चंद्र गुरुजींनी मोठ्या मुलांना घेतलं आणि चौथीपर्यंतची लहानगी नेहमीसारखी बाईंकडं सोपवली; निवृत्तीनंतरही त्या शाळेत शिकवायला जायच्या. बाईंनी व्हाळाकाठचे गोल खडे मुलांकडून ओंजळ-ओंजळ आणवले आणि मध्ये ढीग केला. शिकवायला बसल्या, की त्यांची बोली बदलायची.

“हे सगळ्यांत सारखे वाटायचे. कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. रिया, तू वाटून दाखव.”

दत्तप्रसाद पाण्याची कळशी घेऊन येत होता. रिया पटापट खडे वाटत गेली. दोन उरले. ते हातात घेऊन ती उभी राहिली.

“आता?” बाईंनी विचारलं.

“ओंकाराक देवया. तो ल्हान आसा.”

“मग सारखे कसे होतील?”

“मग फेकून देवया.”

मुलं हसली. बाई हसल्या नाहीत. “उरलेलं टाकायचं नसतं, बाळ. ते बाजूला ठेवायचं आणि लिहायचं, उरले दोन. ते लिहिलं नाही, तर उत्तर चूक. याच्यापुढचा भाग सोमवारी वर्गात करू.”

“सोमवारी मी नसतलंय, बाई,” रिया म्हणाली, आणि लगेच तिनं तोंडावर हात ठेवला.

दत्तप्रसादच्या कळशीतलं पाणी हिंदकळून त्याच्या पायावर सांडलं. बाईंनी त्याच्याकडं पाहिलंच नाही. त्यांनी रियाचा हात हळूच तोंडावरून काढला.

“मग आजच पुरं करू,” त्या म्हणाल्या. “बस. घाई नाही.”

बाकीची मुलं सोडून दिल्यावरही त्या रियाला घेऊन बसून राहिल्या. ताडपत्रीआडून दत्तप्रसादला ऐकू येत होतं. चुकलं, की बाई म्हणायच्या, “परत सांग, कसं केलंस?” आणि रिया पहिल्यापासून सांगायला लागायची. ऊन उंडीच्या बुंध्यापर्यंत आलं, तेव्हा रिया नाचत खोपीत शिरली. “बाबा, माका भागाकार येता!”

त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि पाणी पिऊन ये म्हणाला.

संध्याकाळी चुली पेटल्या, तेव्हा बाई आल्या. खोपीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. विनीतानं चटई पुढं केली, पण त्या बसल्या नाहीत.

“दत्तू, भायर ये.”

तो बाहेर आला. सहा महिन्यांत तो पहिल्यांदाच नजर न चुकवता त्यांच्यासमोर उभा होता. त्यांचे केस बरेच पांढरे झाले होते.

“चेडवाचो, रियाचो दाखलो घेतलंस?”

त्याला आधी प्रश्नच कळला नाही.

“शाळा सोडल्याचो दाखलो. तो नसलो तर थंयच्या शाळेत नाव घालतीत, पण पुढे अडवतीत. हातात कागद असलेलो बरो. वर्ष फुकट जाता कामा नये. हुशार आसा ती. गुरुजी त्या बाजूच्या खोपीत आसत, जा आणि अर्ज दी.”

“बाई, मी...”

“पैशांचां बोलूक मी इलंय नाय. तां येगळां. ते माका व्हये आसत, ते मी सोडूचंय नाय. घराची कौलां गळतत माझ्या. पण त्यात चेडवाक ओढू नको.”

त्या वळून निघून गेल्या. विनीता चुलीतली लाकडं मागं-पुढं करत राहिली. वर न बघताच म्हणाली, “जाताय काय गुरुजींकडे?”

हरिश्चंद्र गुरुजी घाटावरचे. गावपळणीचं त्यांना अजून नवल वाटत होतं. ते स्टोव्हशी झटापट करत बसले होते.

“या या, दत्तप्रसाद! हा पेटतो का बघा जरा. काय काम काढलंत?”

स्टोव्हची पिन काढून दत्तप्रसादनं भोक साफ केलं. “गुरुजी, दाखला काढायचा असला तर काय करावं लागतं?”

“कुणाचा?”

“असंच. एकानं विचारलं होतं.”

“साधा अर्ज. पालकाची सही. आणि शाळा का सोडली, त्याचं कारण लिहायचं. बदली, स्थलांतर, काय असेल ते. मी रजिस्टरला तसंच चढवतो. ते कायम राहतं.”

स्टोव्ह भसकन पेटला. गुरुजी खूश झाले. चहा घेऊनच जा म्हणाले. दत्तप्रसादनं चहा घेतला. पेला रिकामा झाला, तरी तो हातात धरून बसला.

“कारण लिहिलंच पाहिजे?”

“रकानाच आहे तसा.”

तो परत आला तेव्हा शेजारच्या खोपीत बाई कुणा मुलीला पाढे म्हणायला लावत होत्या.

परतीच्या सकाळी कौल झाल्याचा ढोल वाजला. माळभर एकच गडबड उडाली. खुंट उपटले जाऊ लागले, कोंबड्या टोपल्यांखाली गेल्या, कुणाचं तरी वासरू सुटून पळालं आणि पोरं त्याच्या मागं धावली. मंगेशचा टेम्पो रस्त्याच्या कडेला येऊन उभा होता. बाळा जाता जाता ओरडला, “मशीन विसरा नको रे, शिंप्या!” आणि स्वतःच खदाखदा हसला.

मंगेशनं सामान भरायला सुरुवात केली. “बेगीन, भावोजी. दुपारच्या आधी बांद्याच्या पलीकडे जावक व्हया.”

विनीता रियाचे केस विंचरत होती. एकच वेणी ती पुन्हा पुन्हा सोडून घालत होती.

शेजारच्या खोपीची ताडपत्री अजून उतरली नव्हती. बाई दोरीच्या गाठीशी झगडत होत्या. दवानं गाठ फुगली होती, आणि बाईंची बोटं वाकडी झाली होती. दत्तप्रसाद त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिला. त्यानं दातांनी गाठ सैल केली, दोरी ओढून काढली, ताडपत्री खाली आली. दोघं उघड्यावर समोरासमोर उभी राहिली.

त्यानं शर्टाच्या खिशात हात घातला. शंभराच्या तीन नोटा. वाटेत चहापाण्यासाठी ठेवलेल्या.

“इतकेच आसत, बाई.”

बाईंनी नोटांकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. “इतके आधीय असतीत खिशात. मगे दिलंस नाय कित्याक?”

“इतके कसे देवचे?”

“हातान,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी हात पुढं केला.

त्यानं नोटा त्यांच्या तळहातावर ठेवल्या. बाईंनी त्या चारचौघांसमोर मोजल्या, कमरेच्या पिशवीत घातल्या आणि पिशवीची नाडी आवळली. त्या आभारही मानत नव्हत्या आणि रागावतही नव्हत्या. गृहपाठ तपासून झाल्यावर पुढचा देताना बघायच्या, तशा बघत होत्या.

“पुढचे कधी?”

मंगेशनं हॉर्न वाजवला. पहिली माणसं व्हाळ ओलांडून गावाकडं चढू लागली होती. ढोल त्यांच्या पुढं चालला होता. दत्तप्रसादनं टेम्पोकडं पाहिलं. विनीता रियाला घेऊन टेम्पोच्या दाराशी उभी होती. आत बसली नव्हती.

“धा तारखेक,” तो म्हणाला.

“सकाळी ये,” बाई म्हणाल्या. “दोपारी मी निजतंय.”