दोरीला हात लावू नये

समुद्र काही कोणाच्या बापाचा नसतो, असं आपण म्हणतो. हॉटेलच्या मालकालाही ते मान्य होतं. त्याने समुद्र घेतलाच नव्हता, त्याने फक्त वाळू घेतली. आता वाळूवर पाय न ठेवता पाण्यात उतरायचं कसं, हे त्याच्या कागदांत लिहिलेलं नव्हतं. बाकीच्यांसाठी म्हणून त्याने हॉटेलची भिंत आणि जनरेटरची खोली यांच्यामधून एक बोळ काढून दिला. पोर कडेवर घेतलेल्या बाईला त्यातून तिरकं चालावं लागे. बोळाच्या तोंडाशी मोठ्या अक्षरांत पाटी होती, 'सार्वजनिक किनारा'.

बोळ संपला की दगडांचा लांब बांध लागे, थेट समुद्रात घुसलेला. बांधाच्या एका बाजूला हॉटेलचं पाणी, परातीत ओतल्यासारखं शांत. दुसऱ्या बाजूला लोकांचं पाणी. पाहुण्यांना लाटांचा त्रास नको म्हणून हॉटेलनेच तो बांध घातला होता. लाटांना कुठेतरी जायलाच हवं, त्या लोकांच्या बाजूला गेल्या. ओहोटी लागली की बांधाच्या कडेने पाणी असं बाहेर ओढी, की भल्याभल्यांना ते बांधाच्या टोकापर्यंत घेऊन जाई. तिथून पुढे हॉटेलची दोरी होती, पिवळे गोळे ओवलेली, आणि तिच्यावर जागोजागी पत्र्याच्या पाट्या टांगलेल्या: दोरीला हात लावू नये.

दोरीच्या आतल्या पाण्यावर लक्ष ठेवायला एक लाइफगार्ड होता. उंच खुर्ची, गळ्यात शिट्टी. बाहेरच्या पाण्यावर लक्ष ठेवायला कोणीच नव्हतं. तिथे बुडायची सगळ्यांना मुभा होती.

या लाइफगार्डची धाकटी बहीण दवाखान्याच्या धुलाईखात्यात कामाला होती. ओल्या चादरी उपसून उपसून तिच्या कमरेने संप पुकारला होता. डॉक्टर म्हणाले, पोहत जा, दुसरं औषध नाही. पोहणं तिला काय नवीन! बांध नव्हता तेव्हा दोघं भावंडं याच पाण्यात वाढली होती. तिला शिकवलं त्यानेच. तोंडात दोन बोटं घालून तो शिट्टी मारायचा आणि ती कितीही लांब गेलेली असो, तोंड फिरवून परत यायची. त्यात 'थांब ना रे दादा' चालत नसे. तो तिला बेडकी म्हणायचा, आणि बाईमाणूस झाल्यावरही ते नाव काही सुटलं नाही.

"काय दादा, आज उंटावरून किती शेळ्या हाकल्यास?" जेवताना ती रोज विचारायची. आई हसायची. घर त्या उंच खुर्चीवरच चाललं होतं, हे तिघांनाही ठाऊक होतं.

बेडकी कामावरून सुटली की बोळातून यायची, बांधाच्या टोकापर्यंत पोहायची, एका हाताने दोरी धरून दम खायची आणि परत जायची. एकदा मॅनेजरने ते पाहिलं. त्याने लाइफगार्डला बोलावून घेतलं. "ती तुमची कोण लागते, मला माहीत आहे. दोरीला लोंबकळणारी माणसं पाहुण्यांच्या फोटोत येतात. पुन्हा दिसली, तर ही खुर्ची दुसऱ्या कोणाला तरी देईन."

त्या दिवशी घरी त्याने विषय काढला. "दोरीला हात लावू नकोस यापुढे. आणि ओहोटीला तर पाण्यात उतरूच नकोस."

"माझी सुट्टी ओहोटी बघून होते का रे? आणि दम लागला तर?"

"तर मी शिट्टी वाजवीन आणि तू सोडशील. मॅनेजर खाली उभा असतो, बेडके. पोटावर पाय येईल आपल्या."

"सोडीन रे बाबा. तुझा उंट सलामत राहू दे." आणि तिने त्याच्या ताटातला पापड पळवला.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. ऊन उतरलं होतं, ओहोटी जोरात होती. मॅनेजर खुर्चीच्या खालीच दोन पाहुण्यांशी बोलत उभा होता. बांधाच्या टोकाशी एक डोकं वर आलं आणि दोरी हलली. लाइफगार्डने ओळखलं. एरवी ती एका हाताने धरायची, आज तिने दोन्ही हातांनी धरली होती. ते त्याला दिसलं. दिसलं नाही असं तो पुढे कधीच म्हणू शकला नाही.

मॅनेजरनेही मान वर केली. "लाइफगार्ड," एवढंच तो म्हणाला.

त्याने शिट्टी वाजवली. तिने त्याच्याकडे पाहिलं, पण सोडली नाही. त्याने पुन्हा वाजवली, लांबलचक. मग तिने एक हात सोडून वर केला, ऐकलं बाबा म्हणून नेहमी करायची तसा. मग दुसराही सोडला. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला हायसं वाटलं. नोकरी वाचली होती.

ती मागे वळून जिथे पोहत दिसायला हवी होती, तिथे त्याने पाहिलं. तिथे नुसतं पाणी होतं.

त्याने वरूनच उडी टाकली. "दोरीबाहेर जायचं नाही! पाहुणे पाण्यात आहेत!" मॅनेजर ओरडला. तो दोरीखालून गेला, बुड्या मारत राहिला, पाण्याने त्यालाही लांब नेलं. त्याला एका होडीवाल्याने ओढून घेतलं. तिला दुसऱ्या होडीने आणलं, दिवस मावळल्यावर.

मॅनेजर घरी येऊन गेला. त्याने आईसमोर हात जोडले, दुर्घटना दोरीच्या बाहेर घडली हे दोनदा सांगितलं, आणि निघताना लाइफगार्डच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हवी तेवढी रजा घ्या. खुर्ची तुमचीच आहे."

तो गेल्यावर आई बराच वेळ बेडकीचा टॉवेल मांडीवर घेऊन बसली. तो अजून दमट होता.

"होडीवाला सांगत होता, दोरी तिच्या हातात होती," ती म्हणाली. "दोन्ही हातांत. मग सोडली कशाला तिने?"

पायात गोळा आला असेल, लाट आली असेल, काहीही सांगता आलं असतं. सगळी उत्तरं त्याच्या तोंडाशी आली.

"मी शिट्टी वाजवली, आई."

आई त्याच्यावर हात उचलेल असं त्याला वाटलं. तिने उचलावा असंही वाटलं. ती टॉवेलची घडी घालत राहिली.

"मग सोडणारच ती," आई म्हणाली. "लहानपणापासून ऐकत आलीये. तेव्हा तू शिट्टी मारलीस की ती किनाऱ्यावर परत यायची." घडी पुरी झाली होती, तरी तिचे हात थांबले नाहीत. "या वेळी कुठे यायचं होतं रे तिने?"